सत्त्याण्णव, दोन, एक

कागलात त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणतात. पीएचडी अजून व्हायचीय, पण म्हाताऱ्या बायकांना तेवढा धीर कुठला? रस्त्यात अडवून गुडघा दाखवतात. "मावशी, मी काचेचा डॉक्टर," असं सांगून तो सुटका करून घेतो.

कुठलाही पेला तिरका धरून थेंब पसरतो की गोळा होतो, हे बघितल्याशिवाय तो तोंडाला लावत नाही. पेला धुतलाय का ते तपासतोय, असं चहावाल्याला वाटतं. दोघांचं बोलणं बंद आहे.

परवा गैबी चौकात तात्यांनी विचारलं, "काय रं, काचेला नेमकं काय फासतोस?"

झालं. रक्ततपासणीच्या काचपट्टीवर अँटीबॉडी बसवायची असते. कोऱ्या काचेवर नको ती प्रथिनंही चिकटतात आणि तपासणी खोटं बोलते. म्हणून २००४ साली मिलानच्या मार्चेल्ला किआरी यांच्या गटानं एक कोपॉलिमर मांडला. डॉक्टर बोटं मोडत सांगू लागला, "शंभरात सत्त्याण्णव भाग डायमिथाइलअ‍ॅक्रिलअमाइड. त्यानं पाणी धरून पसरायचं, नको त्याला लांब ठेवायचं. एक भाग सायलेनचा, तो काचेला घट्ट धरतो. आणि दोन भाग क्रियाशील एस्टर. अँटीबॉडीला पकडायचं काम त्या दोघांचंच."

"म्हंजे सत्त्याण्णवांनी सभेला नुसतं बसायचं, एकानं खुर्ची धरायची आणि दोघांनी माणसं फोडून आणायची. एवढ्यासाठी मिलान कशाला पायजे?"

"तसं नव्हे, तात्या. अँटीबॉडी बसली तरी काही एस्टर मोकळे राहतात. ते पुढं भलतंच काही धरतात, म्हणून इथेनॉलअमाइन घालून त्यांची तोंडं बंद करायची."

"महामंडळ," तात्या म्हणाले.

एवढ्या थोडक्यात हे कुठल्या शोधनिबंधात आलं असेल असं मला वाटत नाही. डॉक्टरचा मात्र चेहरा पडला. रसायनशास्त्राची अब्रू वाचवायला त्यानं शेवटचा मुद्दा काढला: एस्टरला ओल सोसत नाही, दमट हवेत तो फुटतो आणि मग काहीच धरत नाही. म्हणून तर पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवतात, आणि जूनमध्ये सगळं कागल उसासाठी पावसाची वाट बघत असताना हा एकटा ढगांकडे खुनशीपणानं बघतो.

"मतदानाच्या आदल्या रात्री ओला झालेला कार्यकर्ता आमच्याकडंबी कामाचा राहत न्हाई," तात्यांनी दुजोरा दिला.

डॉक्टर ताडकन उठून एस.टी. स्टँडकडे निघाला. तात्यांनी मागून हाक मारली, "अरं, त्या दोन टक्क्यांत आमच्या धाकट्याला घालता येतंय का बघ की!"