मांड्यांमधलं पुस्तक

अगं, ऐकलंस का? मध्यंतरी एकदा दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या नानांचं दार सताड उघडं. आत नाना अनवाणी, अर्ध्या चड्डीत, भिंतीला पाठ टेकून उभे आणि मांड्यांमध्ये घट्ट वर ओढून धरलेलं जाडजूड पुस्तक! वहिनी वाकून पुस्तकाच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलीची खूण करतायत. मी डोळे मिटले. म्हणजे, एक मिटला.

शिंप्याकडे मापाला जुनी पँट धाडणारा हा माणूस! पण नवी रोड बाइक आलीय ना. पायाचं आतलं माप भरलं ८० सेंटिमीटर. त्याला ०.८८३ ने गुणायचं. पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, तिथून सीटचा माथा तेवढा वर, म्हणजे ७०.६ सेंटिमीटर. हे सूत्र म्हणे ग्रेग लेमॉण्डच्या नावाने चालतं. तो तीनदा टूर द फ्रान्स जिंकलेला. आमच्या नानांची धाव खडकवासल्याच्या कणसापर्यंत.

आणि पुठ्ठ्याचं कळलं का? हापूसच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवून नाना त्यावर बसले. उठले तर दोन खळ्या! मधलं अंतर पट्टीने मोजलं. बसायची हाडं नीट टेकतील एवढी सीट रुंद हवी. हे सगळं लिफ्टमध्ये, मोठ्याने! वहिनींच्या बांगडीचं माप विचार बरं त्यांना.

एवढं करून दोन्ही करंगळ्या बधिर आणि मान धरलेली. का, तर दुकानदाराने नुसती उंची विचारून फ्रेम गळ्यात मारली. नानांचे पाय लांब, धड आखूड. तशाच उंचीच्या त्यांच्या धाकट्या भावाचं नेमकं उलटं. पायांना सायकल बरोब्बर, पण हँडल गाठायला नाना पुढे ताणलेले, सगळा भार तळव्यांवर. शेवटी हँडलचा स्टेम ११० मिलिमीटरचा काढून ९०चा बसवला. दोन सेंटिमीटर गं! तेवढ्यासाठी घरात महिनाभर बामाचा वास.

गंमत पुढेच. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांनी सीट बगलेत धरली, हात लांब केला, बोटांची टोकं त्या आसाला लागतात का पाहिलं, तसं नानांनाही करायला लावलं. आपण तासाच्या भाड्याने सायकली घ्यायचो तेव्हा असंच बघायचो, आठवतं? बोटं टेकली! नाना तीन दिवस गप्प होते. मग म्हणाले, योगायोग. माझंही मत तेच. हात-पाय सगळ्यांचे कुठे एका मापात असतात? पण हे त्यांना सांगू नकोस.

तो पुठ्ठा मात्र आता मजल्यामजल्यावर फिरतोय. काल तिसऱ्या मजल्यावरून दोघं मागायला आली. त्यातली एक आपल्या महिला मंडळाची सेक्रेटरी.