मावशीला माफी, नटाला कोठडी

शिरूर अनंतपाळच्या आसपास जत्रेत तमाशाचा तंबू लागला की गौळणीत मावशी येते. डोक्यावर पदर, पदराखाली दोन दिवसांची दाढी. गवळणींची वाट अडवणाऱ्या कृष्णाला ती असं काही ऐकवते, की पुढे बसलेले माळकरीही उपरण्यानं डोळे पुसत हसतात. भावना कुणाच्याच दुखत नाहीत.

टीव्हीसमोर बसलं की त्याच भावना नाजूक होतात. 2015 च्या अखेरीस विनोदी नट किकू शारदाने डेरा सच्चा सौदाच्या गुरमीत राम रहीमची नक्कल केली. जानेवारी 2016 मध्ये हरियाणाच्या पोलिसांनी त्याला मुंबईतून उचलून कैथलला नेलं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम 295-अ, इंग्रजांनी 1927 साली केलेलं. स्वदेशीचा आग्रह तेव्हा इथे चालला नाही.

याच बाबांनी वर्षभर आधी ‘एमएसजी’ चित्रपटात स्वतःच्या थोरवीचे खेळ केले होते. सेन्सॉर बोर्ड नको म्हणालं, न्यायाधिकरण हो म्हणालं, बोर्डाच्या अध्यक्षा लीला सॅमसन यांनी राजीनामा दिला.

हरियाणाला हसायची सोय आपल्याला नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुण्यात ललित कला केंद्रातलं रामलीलेच्या नटांवरचं नाटक बंद पाडलं गेलं. सीतेचं सोंग घेतलेला नट विंगेत सिगारेट ओढतो, हा आक्षेप. विभागप्रमुख आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. तमाशाच्या राहुटीत एकदा तरी डोकावलेल्या माणसाला सोंगातल्या नटाच्या सिगारेटीचं नवल ते काय?

आणि गुरमीत? 2017 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यांत त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तो कितीदा तरी पॅरोलवर बाहेर येऊन गेला.