डालडा, मैदा आणि कोपऱ्यावरचं गुपित

“काकू, आहात का? जरा कुंपणाशी या बघू.”

“आले गं. हात कणकेचे आहेत, तू बोल, मी ऐकते. कुणाचं काय झालं?”

“कोपऱ्यावरच्या केकबाई हो. आमची धाकटी जाऊ रविवारी त्यांच्या क्लासला गेली होती. फी घेतली ती घेतलीच, वर निघताना एक बाटली गळ्यात मारली. दोनशे ऐंशी रुपये! आत पांढरं, घट्ट, चकचकीत काहीतरी. म्हणे भांड्याला आतून हे लावा, केक आपोआप सुटतो. कशाचं आहे विचारलं तर म्हणाल्या, ते आमचं गुपित.”

“तू वास घेतलास?”

“घेतला. दिवाळीचा येतो.”

“दिवाळीचा म्हणजे डालड्याचा. शंकरपाळ्यांच्या मोहनाचा. झालं, फुटलं गुपित! मैदा, तेल आणि डालडा. तिन्ही एकाच वाटीनं मोजून, सारखं. माझी मामेबहीण ठाण्याला घरून केक विकते, तिच्या फ्रीजच्या दारात या मिश्रणाची बरणी कायम असते.”

“फक्त एवढंच?”

“एवढंच. डालडा मऊ असू दे, पण वितळवायचा नाही. आधी तो एकटा फेटायचा, मग मैदा, मग थोडं थोडं तेल. गुठळी राहता कामा नये. पांढरं आणि हलकं झालं की बरणीत भर. तेल मात्र रिफाइंड घे. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा केला तर व्हॅनिलाच्या केकला चिवड्याचा वास यायचा.”

“पण तिन्ही कशाला काकू? आम्ही आपला तुपाचा हात फिरवतो आणि वरून मैदा भुरभुरवतो.”

“ते साध्या गोल भांड्याला ठीक आहे. पण नुसतं तेल लावून बघ, पाच मिनिटांत ओघळून तळाशी जमतं आणि कडा कोरड्या. नुसता डालडा भिंतीला धरून राहतो, पण ब्रशनं सारखा पसरत नाही. कोरडा मैदा कुठे बसतो, कुठे नाही, आणि झटकताना ओटाभर पीठ. एकत्र फेटलं की तेलामुळे ते पसरतं, डालड्यामुळे जागेवर राहतं आणि मैद्याचा थर सगळीकडे सारखा बसतो. केक चिकटतो कशानं? अंड्या-दुधातली प्रथिनं आणि साखर. ते ओलं पीठ पत्र्याच्या बारीक चिरांत शिरतं आणि तापल्यावर तिथेच घट्ट होतं. मधे हा थर असला की केकची आणि पत्र्याची गाठच पडत नाही.”

“आणि बटर? टीव्हीवर सगळे बटरच लावतात.”

“लावू देत. बटरमध्ये शंभर ग्रॅममागे सोळा-एक ग्रॅम पाणी असतं, वर दुधाचा अंश. तो अंश कडेला जळतो आणि तोच चिकटतो. साजूक तुपात पाणी नसतं, ते चालेल. पण आपल्या सांगलीच्या एप्रिलात ते भिंतीवर टिकेल का? आणि हजार वेळा ढवळून कढवलेलं तूप पत्र्याला फासायचं, माझा तरी हात धजत नाही बाई.”

“अडचण वेगळीच आहे. आमच्याकडे डालड्याला घरात बंदी. ह्यांनी पेपरात ट्रान्स फॅटचं वाचलंय. मागे शेजारणीनं दिलेल्या करंज्यासुद्धा हुंगून खाल्ल्या.”

“वाचलं ते खोटं नाही. म्हणून तर सरकारनं नियम कडक केला. जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात, वनस्पतीत दोन टक्क्यांपेक्षा जास्त ट्रान्स फॅट चालत नाही. आणि इथे पोटात जाणार किती? अख्ख्या भांड्याला चमचा-दीड चमचा. त्यांना विचार, संध्याकाळी बेकरीतली खारी चहात बुडवताना तो पेपर कुठे असतो?”

“विचारते! बरं, ते मिश्रण किती दिवस टिकतं?”

“फ्रीजमध्ये दोन-तीन महिने आरामात. ओला चमचा घातलास तर मात्र गेलं. खवट वास आला की सरळ टाकून द्यायचं, भांडं घासायलासुद्धा ठेवायचं नाही. आणि तुझ्या पोराला ब्रश चाटू देऊ नकोस, कच्चा मैदा आहे तो.”

“आता खरी गंमत ऐका. जावेला ही बाटली का घ्यावी लागली माहितीये? तिचा भाऊ मिनियापोलिसला असतो ना, त्यानं एक जड साचा आणला. मधे भोक, कडेला खोल कंगोरे. त्यात वाढदिवसाचा केक केला. उलटला, तर अर्धा ताटात, अर्धा साच्यात!”

“अगंबाई! म्हणजे त्या दिवशी आम्ही खाल्ला तो?”

“तोच. सांधून वर क्रीम थापलं आणि पाहुण्यांना सांगितलं, डिझाइन आहे.”

“मला तेव्हाच शंका आली होती. एवढ्याशा केकला एवढं क्रीम? तरी मी दुसऱ्यांदा घेतला म्हणा. पण तो साचा साधासुधा नाही हो. त्याला बंट म्हणतात. १९५० साली मिनियापोलिसमधल्याच काही ज्यू बायका एका भांडी बनवणाऱ्याकडे गेल्या. युरोपातल्या जुन्या मातीच्या साच्यासारखा धातूचा साचा आम्हाला करून दे, म्हणाल्या. त्यानं ओतीव ॲल्युमिनियमचा करून दिला. बायकांनी मनावर घेतलं की भांडी जन्माला येतात, ती अशी.”

“तुम्हाला हे कुठून कळतं काकू?”

“मामेबहीण. तिला तोंड आहे आणि मला कान. तर अशा कंगोऱ्यांत तुपाचा हात पोचतच नाही, तिथेच या मिश्रणाची खरी गरज. ब्रश उभा धरायचा आणि प्रत्येक खाचेत, मधल्या नळीवरसुद्धा फिरवायचा. पातळ थर पुरे. जाड थापलंस तर केकवर पांढरी पुटं येतात. चॉकलेटचा केक असेल तर थोडा मैदा काढून त्या जागी कोको घाल, मग ठिपके दिसायचे नाहीत. आणि पीठ ओतायच्या अगदी आधी लाव. आधीच लावून गरम ओट्यावर ठेवलंस तर ते खाली बसतं.”

“तिचा साचा तर आतून काळा, नॉनस्टिक आहे. तरी चिकटला!”

“तिनं कडा कशानं सोडवल्या?”

“सुरीनं.”

“मग काय राहणार तो थर? एकदा ओरखडे पडले की ते नॉनस्टिक नावापुरतं. त्यावर दुकानातला स्प्रेही नको. त्यात लेसिथिन असतं, ते तापून तापून चिकट पिवळं कीट धरतं, घासूनही निघत नाही. आणि उलटला कधी तिनं?”

“ओव्हनमधून काढला की लगेच. पाहुणे आले होते ना दारात.”

“हां! मग नुसत्या लेपाचा काय दोष? गरम केक अजून हळवा असतो, उचलला की तुटतो. पूर्ण गार होऊ दिला तर कडेची साखर पत्र्याला धरते. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, साचा हातानं हलवून केक आत सुटा वाटतोय का बघायचं आणि मग ताट पालथं घालून एका दमात उलटायचं. भीत भीत तिरका केलास की तुटलाच.”

“म्हणजे आता सगळ्या केकना हेच लावू?”

“नको गं. तो शिफॉन केक असतो ना, अंड्याच्या फेसावर फुगणारा, त्याच्या भांड्याला काही म्हणजे काही लावायचं नाही. तो भिंत धरूनच वर चढतो. भिंत निसरडी केलीस तर फुगेल आणि बसेल.”

“पण काकू, पाच-पन्नास रुपयांच्या मालाचे दोनशे ऐंशी! जाऊन विचारायला हवं त्या बाईंना.”

“काय विचारणार? तिनं कुणाच्या घरात शिरून बाटली ठेवली नाही. तुझ्या जावेला तुझ्याकडे विचारायचं नव्हतं, तुला माझ्याकडे विचारायचं सुचलं नाही. शेजारणीला विचारायची लाज वाटते, तिचेच पैसे घेते ती. चांगला धंदा आहे.”

“हे मात्र जावेला सांगणार नाही मी. सध्या तिचा मूड बरा आहे.”

“नकोच सांगू. उलट तिची बाटली संपली की रिकामी करून इकडे आण. मी भरून देते.”

“खरंच काकू?”

“खरंच. दोनशे रुपयांत. शेजारची म्हणून ऐंशीची सूट.”