समोरचा ‘हो’ का म्हणतोय?

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले सॅक्रॅमेंटो किंग्ज पुन्हा गाळात आहेत, त्यामुळे ट्रेड सुचवणाऱ्यांना पुन्हा ऊत आला आहे. अमक्याला द्या, तमक्याला आणा, सोबत ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा एक हक्क चिकटवा, झाला संघ उभा! प्रत्येक प्रस्तावात किंग्जना काय मिळणार हे ठळक अक्षरांत असतं. समोरचा संघ ‘हो’ का म्हणेल, हे कोणीच लिहीत नाही.

खरं तर तोच एक प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या संघाशी आपलं काय देणंघेणं? थोडं आहे. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. 2013 मध्ये त्यांच्या गटाने 53.4 कोटी डॉलरच्या मूल्यांकनाने संघ घेतला आणि सिॲटलला निघालेला संघ सॅक्रॅमेंटोतच ठेवला. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेही याच किंग्ज आणि इंडियाना पेसर्समध्ये. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले.

तेव्हापासून किंग्जवर लक्ष आहे, आणि लक्ष ठेवणाऱ्याची झोप उडावी असाच हा संघ आहे.

आयपीएल पाहणाऱ्याला ट्रेड सोपा वाटतो. तिथे चूक झाली तरी मोठा लिलाव येतो आणि पाटी कोरी होते. एनबीएत पाटी कोरी होत नाही. दर जूनमध्ये ड्राफ्ट भरतो, नव्या दमाचे खेळाडू वाटले जातात आणि दुबळ्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे हरणाऱ्या संघाची सगळ्यात मौल्यवान मालमत्ता त्याच्या हरण्यातच असते.

घाईला आला की तो नेमकी तीच विकतो.

हा रोग जुना आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पहिल्या फेरीचे हक्क इतके वाटले की अखेर लीगला नियम करावा लागला: पुढच्या लागोपाठ दोन वर्षांत पहिल्या फेरीच्या हक्काविना राहता येणार नाही. क्लीव्हलँडचा 1982 चा हक्क तोवर लेकर्सकडे गेला होता. तो पहिल्या क्रमांकाचा निघाला आणि लेकर्सनी जेम्स वर्दी घेतला. नियमाला आजही स्टेपियन यांचंच नाव आहे. मालकाच्या उतावळेपणाचं असं स्मारक दुसऱ्या कोणत्या खेळात आहे?

आता किंग्जचा 2015 चा उन्हाळा बघा. संघबांधणीची सूत्रं नुकतीच व्लादे दिवाच यांच्या हाती आली होती. रॅजन राँडोसारख्या नावाजलेल्या खेळाडूंना घ्यायला पगाराच्या मर्यादेत जागा हवी होती. म्हणून तीन खेळाडू फिलाडेल्फियाच्या गळ्यात मारले. त्यातला निक स्टॉस्कस तर वर्षापूर्वीच आठव्या क्रमांकावर निवडलेला! सोबत पुढचा पहिल्या फेरीचा एक हक्क, आणि 2016 व 2017 मध्ये क्रमांकांची अदलाबदल करण्याची मुभा. बदल्यात आले दोन युरोपीय खेळाडूंचे हक्क. ते दोघे एनबीएत एकही सामना खेळले नाहीत.

फिलाडेल्फिया ‘हो’ का म्हणाला? त्याला घाई नव्हती म्हणून.

राँडो आला, एक हंगाम खेळला आणि गेला. संघ 33 जिंकला, 49 हरला. एवढ्यासाठी पुढची चार वर्षं गहाण पडली होती. बियाणं विकून सण साजरा करणाऱ्याचं पुढच्या मृगात जे होतं, ते 2017 मध्ये झालं. ड्राफ्टमध्ये किंग्जचा क्रमांक तिसरा लागला आणि फिलाडेल्फियाने तो उचलून आपला पाचवा हाती ठेवला.

पुढची गोष्ट आणखी बोचरी आहे. बोस्टनकडे त्या वर्षी पहिला क्रमांक होता, ब्रुकलिनच्या कृपेने. ब्रुकलिनने 2013 मध्ये 37 वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि 35 वर्षांचा पॉल पिअर्स आणण्यासाठी वर्षानुवर्षांचे हक्क बोस्टनला दिले होते. बोस्टनने तो पहिला क्रमांक फिलाडेल्फियाला दिला, बदल्यात किंग्जचा तिसरा घेतला, वर आणखी एक हक्क पदरात पाडून घेतला. तिसऱ्या क्रमांकावर निवडला जेसन टेटम. 2024 मध्ये टेटम विजेता झाला. दोन संघांच्या उतावळेपणावर तिसऱ्या संघाने विजेतेपद उभारलं.

किंग्जनी तिसऱ्या क्रमांकावरही कदाचित डीॲरन फॉक्सच घेतला असता, हे मान्य. पाचव्यावर त्यांना तोच मिळाला आणि तो चांगलाच निघाला. पण बोस्टनने वर पदरात पाडलेला तो दुसरा हक्क, तो किंग्जचा 2019 चाच ठरला. तो कशासाठी गेला? राँडोच्या एका हंगामासाठी.

त्याच 2017 च्या फेब्रुवारीत किंग्जनी आपला तारा डीमार्कस कझिन्स न्यू ऑर्लिन्सला दिला. ऑल-स्टार सामना त्याच शहरात नुकताच संपला होता. दुसऱ्या दिवशी दिवाच यांनी पत्रकारांसमोर सांगून टाकलं की दोन दिवसांपूर्वी हातात याहून चांगला प्रस्ताव होता. बाजारात उभं राहून आपणच आपला भाव पाडल्याची कबुली देणारा विक्रेता कधी पाहिलाय?

2018 मध्ये तर ट्रेडचीही गरज नव्हती. हातात दुसरा क्रमांक होता. किंग्जनी मार्विन बॅगली घेतला. तिसऱ्या क्रमांकावर लुका डॉन्चिच गेला.

पुढे जाऊ.

फेब्रुवारी 2022 हे या संघाच्या इतिहासातलं सगळ्यात अभ्यासण्याजोगं प्रकरण. किंग्ज आणि पेसर्स, तेच वरळीत खेळलेले दोन संघ. दोघेही गुणतालिकेत खाली. दोघांनाही बदल हवा होता. किंग्जनी 21 वर्षांचा टायरीस हॅलिबर्टन आणि बडी हिल्ड दिले आणि 25 वर्षांचा डोमंतास सबोनिस घेतला. इतर काही नावं होती, ती सोडून द्या. एकाच ट्रेडमध्ये अडचणीत सापडलेले दोन संघ, आणि दोघांचे प्रश्न वेगळे. सॅक्रॅमेंटोने विचारलं, पुढच्या वर्षी कोण जिंकून देईल? इंडियानाने विचारलं, तीन वर्षांनी कोण जिंकून देईल?

दोघांनाही उत्तर मिळालं. म्हणून हा ट्रेड मी आंधळा म्हणणार नाही. 2006 नंतर किंग्जनी प्लेऑफ पाहिला नव्हता. सलग 16 हंगाम, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात लांब दुष्काळ. 2022-23 मध्ये सबोनिस आणि फॉक्स यांच्या जोरावर 48 विजय, पश्चिम विभागात तिसरा क्रमांक, आणि प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत. सारं शहर त्या झोताखाली नाचलं. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत गेले. तिथे स्टीफन करीने 50 गुण काढले आणि सगळं आटोपलं.

16 वर्षं वाट पाहिलेल्या गावाला तो वसंत हवाच होता. त्याला कमी लेखणाऱ्याला खेळ कळत नाही.

पण नंतर? पुढच्या वर्षी 46 विजय. त्यापुढे 40. प्रशिक्षक माइक ब्राउन 2023 मध्ये एकमताने वर्षातला सर्वोत्तम ठरले होते. डिसेंबर 2024 मध्ये त्यांना घरी पाठवलं. रणदिवे आल्यापासून हंगामी धरून आठ प्रशिक्षक झाले. पहिले मायकेल मलोन. कझिन्स मेंदूज्वराने आजारी असताना संघ 11 विजय, 13 पराभवांवर आला आणि मलोन गेले. 2023 मध्ये त्यांनीच डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं.

आणि हॅलिबर्टन? 2025 ची अंतिम फेरी. इंडियाना विरुद्ध ओक्लाहोमा सिटी, सातव्या सामन्यापर्यंत. तिथे हॅलिबर्टनच्या टाचेचा स्नायुबंध तुटला आणि ओक्लाहोमा जिंकलं. आता या दोन संघांची वंशावळ काढा. 2017 मध्ये इंडियानाने पॉल जॉर्ज ओक्लाहोमाला दिला, बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि सबोनिस घेतले. पुढे सबोनिस देऊन हॅलिबर्टन घेतला. 2019 मध्ये ओक्लाहोमाने तोच पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला आणि शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला, वर हक्कांचा ढीग. त्यातल्या एका हक्कातून जेलन विल्यम्स आला. अंतिम फेरीतले दोन्ही संघ एकाच ताऱ्याला विकून उभे राहिले होते.

तारा विकला म्हणजे संघ हरला, असं कोण म्हणतं?

तारा कोणत्या वेळी विकता, ते महत्त्वाचं. सॅक्रॅमेंटोने फेब्रुवारी 2025 मध्ये 27 वर्षांचा फॉक्स विकला, पण त्याला जायचं होतं आणि कुठे जायचं तेही त्याने ठरवलं होतं: सॅन अँटोनिओ. अशा वेळी भाव कोण ठरवतो? तरीही पहिल्या फेरीचे हक्क आले. सॅन अँटोनिओचा 2027 चा, मिनेसोटाचा 2031 चा. इथवर ठीक. पण त्याच व्यवहारात शिकागोकडून झॅक लॅव्हिन आला, सव्वाचार कोटी डॉलरहून जास्त वार्षिक पगाराचा. डेमार डीरोझन आधीच आलेला होता. ही जोडी शिकागोत तीन हंगाम एकत्र खेळली होती. त्यांना एकच प्लेऑफ मालिका मिळाली आणि त्यात त्यांनी एकच सामना जिंकला. शिकागोने जो प्रयोग करून गुंडाळला, तोच किंग्जनी पैसे मोजून घरी आणला.

आणि डीरोझनसाठी 2024 मध्ये काय दिलं? हॅरिसन बार्न्स, आणि 2031 मध्ये क्रमांक बदलून घेण्याचा हक्क. कोणाला? सॅन अँटोनिओला. ज्यांच्याकडे आता फॉक्सही आहे. 2031 मध्ये तिथला व्हिक्टर वेम्बन्यामा 27 वर्षांचा असेल.

केव्हिन हर्टरचा हिशेब तर मुलांना गणितात शिकवावा. 2022 मध्ये त्याच्यासाठी अटलांटाला पहिल्या फेरीचा एक हक्क दिला. हर्टर 2022-23 च्या यशात खराखुरा वाटेकरी होता, त्याबद्दल तक्रार नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये फॉक्सच्याच व्यवहारात तो शिकागोला गेला. त्याच्या बदल्यातला हक्क मात्र जून 2025 मध्ये चुकता झाला, तेरावा क्रमांक. माल फेब्रुवारीत गेला, बिल जूनमध्ये आलं.

फॉक्स गेला त्या क्षणी ही कहाणी संपली होती. 2025 च्या उन्हाळ्यातच सबोनिसला विकायला हवं होतं. वय 29, सलग तीन हंगाम लीगमध्ये सर्वाधिक रिबाउंड, करार 2028 पर्यंतचा. असा खेळाडू हवा असलेला, विजेतेपदाच्या उंबरठ्यावर ताटकळणारा संघ शोधणं हेच तर जनरल मॅनेजरचं काम! ते न करता डेनिस श्रोडर आणला, मग ऑक्टोबरमध्ये 36 वर्षांचा रसेल वेस्टब्रुक. सगळे एकेकाळचे मोठे. सगळे दुसऱ्याने सोडलेले.

मग तळ गाठला, यात नवल कसलं?

जमलेला ट्रेड याच गावात झालाय, ही खरी चुटपुट आहे. मे 1998. किंग्जनी तिशी ओलांडलेला, चाहत्यांचा लाडका मिच रिचमंड वॉशिंग्टनला दिला आणि 25 वर्षांचा ख्रिस वेबर आणला. वेबरला यायचंही नव्हतं. वॉशिंग्टन ‘हो’ म्हणाला, कारण घाई त्याला होती. रिचमंडच्या तीन हंगामांत वॉशिंग्टनला प्लेऑफ दिसला नाही. किंग्ज सलग आठ वर्षं प्लेऑफला गेले आणि 2001-02 मध्ये 61 सामने जिंकले. त्या संघात पासिंगने लोकांना वेड लावणारा सेंटर कोण होता? व्लादे दिवाच.

ज्याने तो ट्रेड मैदानावरून अनुभवला, त्यालाच खुर्चीत बसल्यावर तो आठवला नाही.

तर माझेही प्रस्ताव. तिशीपुढचा प्रत्येक महागडा खेळाडू ट्रेडच्या फेब्रुवारीतल्या मुदतीपूर्वी विजेतेपदाची घाई असलेल्या संघाला द्यावा, मोबदला दुसऱ्या फेरीचा एखादा हक्क असला तरी चालेल. पगार जुळवायला परत येतील ते करार छोटे असावेत. आपला जड करार घालवण्यासाठी सोबत हक्क कधीही जोडू नये. उलट दुसऱ्याचा जड करार घ्यावा आणि त्याच्याकडून हक्क वसूल करावा. 2015 मध्ये फिलाडेल्फियाने किंग्जशी हेच केलं. प्रशिक्षकाला तीन वर्षं हात लावू नये.

आणि पुढची पाच वर्षं स्वतःचा पहिल्या फेरीचा एकही हक्क सॅक्रॅमेंटोबाहेर जाऊ नये. गेलाच, तर जनरल मॅनेजरला काढून भागणार नाही. उत्तर रणदिवे यांनी द्यायचं.