जबाबदारराव

बेजबाबदार पर्यटक ओळखायला सोपा. भंडारदऱ्याच्या पाण्याकडे पाठ करून, गाडीची डिकी उघडी टाकून तो स्पीकरवर गाणी लावतो, रंधा धबधब्याच्या कठड्यावर चढून सेल्फी काढतो आणि बाटली जिथे संपली तिथेच ठेवतो. त्याच्यावर लिहून लिहून वर्तमानपत्रांची शाई आटली. जबाबदार पर्यटकावर मात्र कुणी लिहीत नाही. त्याच्या तावडीतून सुटून घरी येईपर्यंत लिहिणारा दमलेला असतो.

सावेडीतल्या आमच्या सोसायटीत एक आहेत. जबाबदारराव हे नाव पोरांनी ठेवलं आणि त्यांना ती पदवी वाटते. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, तेव्हा आपल्या कचऱ्याच्या पिशव्यांवरचं 'अहमदनगर' खोडून त्यावर 'अहिल्यानगर' लिहिणारा जिल्ह्यातला पहिला माणूस बहुधा हाच. मे संपत आला, वळवाचे दोन शिंतोडे पडले आणि अकोले तालुक्यात काजवे चमकायला लागले, की यांच्या पायाला भिंगरी लागते. संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. गाडीत हातमोजे, चिमटा, लाल जिलेटीन चिकटवलेली बॅटरी आणि गळ्यात शिट्टी.

वाटेत माहिती सुरू. कळसूबाई 1646 मीटर. विल्सन धरणाचं काम 1910 ते 1926. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 1986. यातलं काहीच चुकीचं नसतं, त्यामुळे मधे तोंड घालायची सोय नाही.

गावाची संस्कृती बिघडू नये, असा त्यांचा कटाक्ष. म्हणून ते घरच्या पोळ्या, घरची भाजी, घरचं पाणी घेऊन जातात आणि झोपतातही गाडीत. गेल्या खेपेला मुतखेलच्या पुढे एका मावशींनी अंगणात पिठलं-भाकरी मांडली होती, पलीकडे चहाची किटली. जबाबदाररावांनी त्यांना प्लॅस्टिकचे कप वापरू नका म्हणून वीस मिनिटं समजावलं आणि स्वतःच्या थर्मासमधला चहा प्यायले. शेजारी मुंबईहून आलेली टवाळ पोरं बसली होती. आरडाओरडा करत होती, पण तीन कोंबड्यांचा रस्सा संपवून, अंडी वेगळी सांगून, पैसे मोजून उठली. मावशींचं पावसाळ्याचं किराणा सामान कुणाच्या जिवावर भरलं असेल, हा हिशेब मी मोठ्याने केला नाही. (पोरांची बाजू घेतोय असं नाही. त्यांच्यातला एक हिरड्याच्या बुंध्याशी लघवीला बसला होता.)

कचरा उचलण्यात मात्र त्यांच्याशी कुणी बरोबरी करू नये. चिमट्याने कुरकुऱ्यांची पाकिटं, दारूच्या बाटल्या, मुलांचे डायपर, सगळं वेचून त्यांनी दोन पोती गच्च भरली. फोटो झाला. मग दोन्ही पोती नीट तोंड बांधून मावशींच्या ओट्यावर ठेवली. 'मावशी, हे आता तुमच्याकडे.' मावशी पोत्याकडे बघत राहिल्या. वाडीवर घंटागाडी येत नाही. दुसऱ्या दिवशी घरामागे धूर निघाला आणि रानातलं प्लॅस्टिक मावशींच्या नातवंडांच्या नाकात गेलं. तोवर फोटोला दोनशे लाईक पडले होते.

त्याच संध्याकाळी अंधार पडला तसा सादड्याच्या झाडावर एकेक ठिपका पेटू लागला. मग एका फांदीवरून दुसरीवर लाट जावी तसं सगळं झाड एकदम उजळायचं, विझायचं. वाटाड्या म्हणून गावातला एक तरुण बरोबर होता. त्याने हाताने 'बसा' एवढीच खूण केली. सगळे बसले. जबाबदारराव उभे राहिले.

'कुणीही गवतात पाय ठेवू नका!' ते गवतात उभे राहून ओरडले. 'नर वर चमकतो, मादी खालून उत्तर देते! उजेड पडला की दोघांचा निरोप तुटतो! अळ्या ओल्या मातीत गोगलगायी खाऊन वाढतात, त्या तुमच्या बुटाखाली मरतात!' शास्त्र बिनचूक. मग फ्लॅश मारणाऱ्याला शिट्टी, मोबाईल काढणाऱ्याला शिट्टी. लहान मूल रडलं, त्याच्या आईला शिट्टी. कोण नियम पाळत नाही हे बघायला लाल बॅटरीचा झोत प्रत्येकाच्या तोंडावर.

तेवढ्यात घाटघरकडून एक जीप दिवे लावून आली. जबाबदारराव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे. जीप थांबली, तिच्यामागे दुसरी, मग टेम्पो ट्रॅव्हलर, मग नाशिकच्या चार गाड्या. अरुंद रस्ता, वळायला जागा नाही. पुढच्या जीपवाल्याला अंधाराचं महत्त्व पटवणं चालू असताना मागच्या सगळ्यांचे हेडलाईट त्या एका झाडावर रोखलेले होते. हॉर्न सुरू झाले. फांद्यांवरचा एकेक ठिपका मालवला आणि सादडा दिवसाढवळ्यासारखा लख्ख, हिरवागार दिसायला लागला.

वाटाड्या शांतपणे उठला, रावांना दंडाला धरून कडेला आणलं आणि म्हणाला, 'काका, गाड्या दोन मिन्टात गेल्या असत्या. तुम्ही एकटंच लई व्हता.'

गर्दीवर लोकशिक्षण हाच उपाय, अशी रावांची आता खात्री झाली आहे. यंदा त्यांनी काजव्यांसाठी पन्नास आसनी बस ठरवली आहे. जेवण ज्याने त्याने घरून आणायचं, शिट्टी मात्र प्रत्येकाला मिळणार आहे.