काकीचा भाव

मोपाच्या पठारावर विमानतळ झाला आणि पेडणेकराची परदेशी न जाण्याची शेवटची सबब गेली. पूर्वी ‘दाबोळीपर्यंत कोण जातं मरायला’ म्हटलं की भागायचं. ५ जानेवारी २०२३ला मोपाहून विमानं सुटू लागली, आणि थोड्याच काळात बॉनमध्ये नोकरीला असलेल्या चुलतभावाने काकीला घेऊन येण्याचं काम माझ्या गळ्यात मारलं. काकी वारखंडची. काजूची बाग, जिभेला धार. वाटेत लिस्बन बघायचं हा तिचाच हट्ट. ज्यांच्या राज्यात जन्मले त्यांचं घर तरी बघते, म्हणाली.

शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. त्याचे रुपये किती हे काकीने दोनदा विचारून घेतलं. संसारात काकांनी तिची एवढी किंमत कधी केली नव्हती.

“म्हणजे तिथे मेले तर विमानाने घरी आणणार?”

“हो. तो खर्च त्यात धरलेला असतो.”

“आणि जिवंत परतले तर?”

“तर काही नाही.”

हा सौदा तिला शेवटपर्यंत पटला नाही.

सामानाचं मात्र बरं जमलं. युरोपीय संघाच्या नियमांत दूध, तूप, मांस बंद. आंब्याला रोगमुक्तीचा दाखला हवा. पण नारळ, केळी, अननस, खजूर आणि दुरियन यांना माफी, आणि सुकी मासळी स्वतःपुरती २० किलोपर्यंत खुशाल न्या! कायदा ब्रुसेल्सात झाला असेल, पण लिहिणाऱ्याची आजी नक्की मोरजीची असणार. लिस्बनला तपासणीच्या बाईने काकीची बॅग उघडली, सुक्या बांगड्यांचा वास घेतला आणि कुठलाही नियम न चाळता बॅग मिटली.

खाणावळीत बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह, चीज समोर आलं. न मागता आलं ते यजमानाच्या प्रेमापोटी, अशी पेडण्याची समजूत. तिथे त्याला ‘कुव्हेर्त’ म्हणतात. हात लावलात की बिलात, न लावता परत पाठवलंत तर फुकट. हे कळल्यावर दुसऱ्या रात्री पाव येताच काकीने तो टेबलाच्या पार टोकाला सरकवला आणि जेवण संपेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवला. न जाणो, आपण होऊन ताटात यायचा! मी एक ऑलिव्ह उचलायला गेलो, तर हातावर चमचा बसला.

जर्मनीत मोठ्या स्टेशनांवर लघवीला जवळजवळ एक युरो पडतो. काजूंच्या आड आयुष्यभर ही सोय फुकट उपभोगलेल्या बाईसमोर हा विषय काढण्यात अर्थ नव्हता. रविवारी तिथली दुकानं बंद बघून मी हळहळलो. दुपारी एकला शटर ओढणाऱ्या मुलखातल्या काकीला त्यात काहीच वावगं दिसलं नाही.

तिचा जीव रमला तो बाटल्यांत. जर्मनीत पाण्याच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकली की परत देतात. बियरच्या काचेच्या बाटलीला मात्र बहुधा ८ सेंटच. भावाने हे सहज सांगितलं आणि पस्तावला. दुसऱ्या दिवसापासून ऱ्हाइनकाठी फिरताना नदी आम्ही बघायचो. काकी मात्र हंगामात बिया वेचाव्यात तशी, कमरेत वाकून बाकांखाली बघायची. काच ती पायाने बाजूला सारायची. “वजन जास्त, भाव कमी,” एवढंच म्हणायची. भाऊ ओळखीच्यांना चुकवत दहा पावलं पुढे चालायचा.

पिशवी भरली तशी यंत्राने चिठ्ठी दिली. ती गल्ल्यावर दाखवायची आणि पैसे घ्यायचे. भाऊ हात पुढे करून उभा राहिला. काकीने चिठ्ठी ब्लाउजात खोचली.

“तिला विचार,” गल्ल्यावरच्या पोरीकडे बोट दाखवून काकी म्हणाली, “पुढच्या आठवड्यात भाव वाढणार असेल, तर आत्ता मोडत नाही.”