कारकुनाची एक ओळ

इतिहास सत्य असू शकतो की नाही, हा प्रश्न पंडितांच्या परिषदांतून वारंवार चर्चिला जातो, आणि अध्यक्षीय समारोपानंतर चहापानाच्या वेळी तितक्याच वारंवार विसरला जातो. आमच्या महाराष्ट्रात मात्र त्याचा निकाल केव्हाच लागलेला आहे. ज्याने आमच्या घराण्याची, आमच्या गावाची किंवा निदान आमच्या आडनावाची शोभा वाढते तो इतिहास सत्य, आणि ज्याने ती उणावते तो कोणी तरी द्वेषबुद्धीने रचलेला. ही कसोटी इतकी सुलभ आणि बिनखर्ची आहे, की ज्याला मोडीचे एक अक्षर लागत नाही अशा गृहस्थालाही तिच्या बळावर घटकाभरात इतिहाससंशोधक होता येते. आणि पुष्कळजण होतातही.

पूर्वी हे काम बखरकार करीत असे. धन्याची आज्ञा होई, की वडिलांचा पराक्रम लिहून काढावा. मग शत्रूची फौज लाखांनी वाढे, देवी स्वप्नात येऊन कौल देई, आणि तीन पिढ्यांमागे बंद दाराआड झालेले खलबत बखरकाराला शब्दशः ऐकू येई. त्याच वाड्याच्या सोप्यावर, कानाला बोरू लावून बसलेला कारकून मात्र मशालीच्या तेलाचा, घोड्यांच्या दाण्याचा आणि जासुदाच्या बिदागीचा जमाखर्च लिहीत असे. आपण इतिहास लिहीत आहो अशी वार्ताही कानी नसल्यामुळे त्याला असत्याचे प्रयोजन पडत नसे. (जे काही पडे ते दोन-चार रुपयांपुरते, आणि ते कोणत्या रकमेत जिरविले आहे हे जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही.) राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, त्याच्या प्रस्तावनेत बखरींची कसून झडती घेतली आणि अस्सल पत्रांना पाटावर बसविले. महाराष्ट्राने राजवाड्यांना भक्तिभावाने नमस्कार केला आणि पुन्हा बखर वाचावयास घेतली.

अस्सल कागद तरी कशाने वाचले? १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पुण्याचे दफ्तर नव्या सरकारने जपून ठेवले ते काही इतिहासाच्या क्लिओ देवीच्या भक्तीपायी नव्हे. कोणत्या गावाचा वसूल किती आणि कोणाचे इनाम खरे, हे ठरविण्याची त्याला निकड होती. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि सनदा दाखवा म्हणून हुकूम सुटले. घरोघरच्या पेट्या उघडल्या, आणि काही घराण्यांतील दिवंगत पूर्वजांनी या आणीबाणीच्या प्रसंगी ताज्या शाईने आपल्या हक्कांची पुन्हा नोंद करून दिली. दफ्तरातले रुमाल सोडून त्या सनदा ताडून पाहण्यात आल्या. सत्याची इतकी चिकाटीची चौकशी आमच्या मुलखात क्वचितच झाली असेल, कारण प्रत्येक खोट्या सनदेगणिक सरकारचा सारा बुडत होता. इतिहासाच्या अभ्यासकांना याच दफ्तराची दारे सहजी उघडली नाहीत. सरदेसायांच्या संपादकत्वाखाली त्यातल्या कागदांचे पंचेचाळीस खंड निघावयास १९३० ते १९३४ ही साले उजाडावी लागली.

परंतु कारकुनाच्या एका ओळीचे आम्ही काय करतो, हे पाहावयाचे असल्यास शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचे प्रकरण पाहावे. उत्तरकालीन बखरींच्या भरवशावर जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ मध्ये, धरून आमचे सर्व सुरळीत चालले होते. मग भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हा ग्रंथ नव्हे. त्यात अलंकार नाहीत, स्वप्ने नाहीत. शक, संवत्सर, महिना, तिथी, वार आणि घडलेली गोष्ट, एवढाच ऐवज. त्या टिपणकाराने शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असे लिहिले, हस्त नक्षत्राच्या घटका-पळांसकट लिहिले, आणि तो पुढच्या नोंदीकडे वळला. परमानंदाच्या संस्कृत ‘शिवभारता’ने हीच तिथी सांगितली, जोधपुरास सापडलेल्या कुंडलीनेही तीच. एखाद्या दिवाणी दाव्यात एवढा पुरावा आला असता तर मुन्सफाने जेवणाच्या सुटीपूर्वी निकाल दिला असता. इतिहासाचे न्यायासन तितके उतावीळ नसल्यामुळे वाद चालू राहिला. १९६६ मध्ये सरकारने जाणत्यांची समिती नेमली आणि समितीचे एकमत झाले नाही. अखेर चालू शतकाच्या उंबरठ्यावर शासनानेच १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मुक्रर केली. सत्य कारीच्या दफ्तरात पिढ्यान् पिढ्या होते, छापखान्यातून बाहेर पडून ऐंशीवर वर्षे झाली होती. उणीव होती ती जावक क्रमांकाची.

आता प्रकरण मिटले, असे ज्यास वाटेल त्याने आमची योग्यता ओळखली नाही. साल ठरताच तारीख की तिथी, हा नवा तंटा दत्त म्हणून उभा राहिला. तारखेचे म्हणावे तर ती जुन्या ज्युलियन गणनेची आहे. त्याच शुक्रवारी गोव्याचा पाद्री आपल्या वहीत १ मार्च १६३० लिहीत होता, कारण पोर्तुगीजांनी नवी गणना कधीच पत्करली होती; सुरतेच्या वखारीतला इंग्रज १९ फेब्रुवारी लिही, पण साल १६२९ च धरी, कारण त्याचे वर्ष २५ मार्चला पालटे. यांतील कोणाचे पंचांग स्वाभिमानी मानावे, यावर अद्याप कोणी मोर्चा काढलेला नाही, हे केवळ वरील माहिती फारशी प्रसृत नसल्याचे लक्षण होय. ती प्रसृत केल्याबद्दल मी वाचकांची आगाऊ क्षमा मागतो.

आमच्या पेठेत तारखेचे एक मंडळ आहे आणि तिथीचे एक. दोघांची पावतीपुस्तके एकाच छापखान्यात छापली जातात. कोपऱ्यावरचा वाणी दोहोंकडे वर्गणी देतो, दोन्ही पावत्या एकाच खिळ्याला अडकवितो, आणि सनावळीच्या वादात कोणाची बाजू घेता म्हणून विचारले तर “दोन्ही बरोबर, साहेब,” असे सांगून साखर तोलू लागतो. इतिहासापासून धडा घेतलेला पेठेतला हा एकच इसम.

पुढेमागे एखादा राजवाडे आमच्या काळाच्या शोधार्थ येईल, तेव्हा त्याला भाषणांचा उपयोग नाही. मंडप किती, ध्वनिक्षेपक किती, हार किती आणि ‘किरकोळ’ किती, हे त्याला लागेल. या विचाराने मी तारखेच्या मंडळाच्या खजिनदाराकडे जमाखर्चाची वही पाहावयास मागितली. त्याने मोठ्या अगत्याने गुळगुळीत कागदाची स्मरणिका माझ्या हाती ठेवली. तीत पहिल्या पानापासून पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असून प्रत्येकाच्या खाली ‘झुंजार’, ‘धडाडीचे’ आणि ‘आधारस्तंभ’ अशी विशेषणे होती. वहीचा विषय मी पुन्हा काढला, तेव्हा ती अध्यक्षांकडे असल्याचे समजले. अध्यक्षांच्या घरी गेलो. ते म्हणाले, “अहो, ती खजिनदाराकडेच असते.”